गोळी कुठली, हे लग्नाआधी विचारा

पोटातल्या बाळाचा मेंदू आणि पाठीतला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. बाईची पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींनी घरात अजून सांगितलेलंही नसतं. आशाताईच्या वहीत नाव चढलेलं नसतं, तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड) निघालेलं नसतं, सोनोग्राफीचा तर विषयच नसतो. फिटच्या गोळीमुळे त्या नळीला काही व्हायचं असेल, तर ते एवढ्यात होऊन गेलेलं असतं.

म्हणून "दिवस राहिले की डॉक्टरांना विचारू" हे फिटच्या गोळीच्या बाबतीत चालत नाही. विचारायचं ते दिवस राहण्याच्या आधी, खरं तर लग्नाच्याही आधी. आणि आमच्या खानापूर-बेळगाव भागात नेमका हाच काळ असा असतो, की मुलीला फिट येते हे माहेर कुणाच्या कानावर जाऊ देत नाही. गोळी चालू असते, पण तिच्याबद्दल बोलणं बंद असतं. मला या लेखात जे सांगायचं आहे ते सगळं या एका अडचणीभोवतीच फिरतं.

मी खानापुरात मेडिकलच्या काउंटरवर बसते. माहेर चंदगडचं, फार्मसीचं शिक्षण तिकडचं, लग्न होऊन इकडे आले. नंदगड, जांबोटी, गर्लगुंजी, कणकुंबी, लोंढा असं सगळीकडचं गिऱ्हाईक येतं. फिटच्या गोळ्या नेणारं माणूस लगेच ओळखू येतं. चिठ्ठी जुनी, घडीवर फाटलेली, कधी लॅमिनेट केलेली असते. ती काउंटरवर न ठेवता हातातूनच दाखवतात. शेजारी ओळखीचं कुणी उभं असेल तर आधी डोकेदुखीची गोळी मागतात आणि तो गेला की चिठ्ठी काढतात. मुलीची गोळी न्यायला मुलगी स्वतः फार क्वचित येते. वडील येतात, भाऊ येतो, लग्नानंतरही बरीच वर्षं माहेरचाच माणूस येतो.

आता कात्रीबद्दल सांगते. दहा गोळ्यांची पट्टी पूर्ण घ्यायला सगळ्यांकडे पैसे नसतात, तेव्हा आम्ही पट्टी कापून देतो. पट्टीच्या पाठीवर औषधाचं नाव, ताकद, तारीख एका बाजूला छापलेली असते. चार-सहा गोळ्या कापल्या की पुष्कळदा नाव एका तुकड्यावर जातं आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसती चांदी येते. घरी गेल्यावर ती फक्त "फिटची गोळी" राहते. मग पुढे केव्हा तरी प्रसूतीच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू आहे?" तर उत्तर येतं, "रोज एक सकाळी, एक रात्री." मी हल्ली कापताना नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाला देते आणि बिनानावाचा दुकानात ठेवते. शिवाय कागदी पुडीवर मराठीत नाव आणि मिलिग्रॅम लिहून देते. कारण या सगळ्या प्रकरणात नावाला फार किंमत आहे. फिटच्या सगळ्या गोळ्या बाळाच्या बाबतीत सारख्या नाहीत. त्यांच्यातला फरक बारीक नाही, चांगला मोठा आहे.

वेगवेगळ्या देशांतल्या फिट येणाऱ्या गरोदर बायकांची नोंद ठेवणारी युरॅप नावाची एक मोठी नोंदवही आहे. तिचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले आकडे मला तोंडपाठ आहेत. एरवी कुठल्याही शंभर बाळंतपणांत दोन-तीन बाळांना जन्मतः काही मोठं व्यंग असतं. आई लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी घेत असेल तर शंभरात २.८, लॅमोट्रिजिनवर २.९, म्हणजे जवळपास तेवढंच. कार्बामाझेपिनवर ५.५, फेनिटॉइनवर ६.४, फेनोबार्बिटोनवर ६.५. आणि व्हॅल्प्रोएटवर १०.३. त्यातही मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. व्हॅल्प्रोएट दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शंभरात सहाच्या आसपास, पण १,४५० च्या वर गेलं की शंभरात २५. चार बाळांत एक.

व्यंग म्हणजे काय, तर पाठीचा कणा नीट न मिटणं, हृदयाला भोक, टाळू किंवा ओठ फाटलेला असणं, मुलाच्या लघवीची वाट चुकीच्या जागी असणं, हातापायांच्या हाडांत दोष. पण व्हॅल्प्रोएटचं खरं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. बाळ दिसायला धडधाकट जन्मलं, सोनोग्राफीत काही निघालं नाही, पेढे वाटून झाले, आणि दोन-तीन वर्षांनी लक्षात येतं की पोर बोलत नाही, हाक मारली की बघत नाही, शाळेत मागे पडतं. ज्या मुलांच्या आया गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेत होत्या, त्यांच्यातल्या शंभरांत तीस ते चाळीस मुलांमध्ये वाढीचे असे प्रश्न आढळतात. स्वमग्नतेचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आहे. किमफर्ड मेडोर या अमेरिकी डॉक्टरांच्या गटाने अशी मुलं सहा वर्षांची होईपर्यंत पाहिली. २०१३ साली त्यांनी बुद्ध्यांक मांडले ते असे: व्हॅल्प्रोएट १०० च्या खाली, सरासरी ९७. कार्बामाझेपिन १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइन १०८. आणि मेंदूची वाढ तर पूर्ण नऊ महिने चालते, त्यामुळे हा धोका पहिल्या तीन महिन्यांत संपत नाही.

यातलं काहीही नवं नाही, याचा मला राग येतो. व्हॅल्प्रोएट फिट थांबवतं हे १९६२ साली फ्रान्समध्ये कळलं आणि १९६७ मध्ये ते तिकडे बाजारात आलं. पाठीच्या कण्याच्या व्यंगाशी त्याचा संबंध असल्याची सूचना १९८२ साली ल्यों शहरातल्या डॉक्टरांनी दिली. चाळीस वर्षं उलटून गेली. इंग्लंडमध्ये २०१८ पासून असा नियम आहे की मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे औषध द्यायचंच झालं, तर पक्की गर्भनिरोधक सोय हवी, दरवर्षी तज्ज्ञांशी बोलणं हवं आणि धोका समजल्याची तिची सही हवी. २०२० मध्ये तिथे बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीने चौकशी अहवाल दिला, तेव्हा शेकडो आयांनी हेच सांगितलं, की आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडे इंग्रजीत छापलेला कागद इंग्रजी वाचणाऱ्या बाईपर्यंत पोचला नाही. आमच्याकडे खोक्यातला तो घडीघडीचा कागद औषध फोडताना आमच्याच कचऱ्याच्या डब्यात जातो. गिऱ्हाइकाला मिळते ती पट्टी.

आपल्या देशातही काम झालेलं नाही असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून केरळमधल्या फिट येणाऱ्या गरोदर बायकांची नोंद ठेवली जाते. तिथल्या बऱ्याच बायका आधी येतात, गोळी तपासून घेतात, मग मूल होऊ देतात, नंतर मुलांनाही दाखवत राहतात. त्या नोंदींतही व्हॅल्प्रोएटचा धोका जास्तच दिसला. हे काम वाचताना माझ्या मनात दर वेळी हेच येतं, की तिथली बाई डॉक्टरांकडे *आधी* जाऊ शकते, कारण तिला फिट येते हे तिच्या नवऱ्याला माहीत असणार.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. एका पावसाळ्यात जांबोटीकडच्या भागात लग्न होऊन आलेली मुलगी दुकानात आली. हातात कॅल्शियमच्या गोळ्यांची प्लास्टिकची बाटली. म्हणाली, "ताई, ह्या गोळ्या चिकटल्यात बघा, खाल्ल्या तर चालतील काय?" बाटली उघडली तर आत सोललेल्या गोळ्या एकमेकींना चिकटून गोळा झालेला. त्या कॅल्शियमच्या नव्हत्या. व्हॅल्प्रोएटच्या होत्या. हे औषध हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते पट्टीतून खायच्या वेळेलाच काढायचं असतं. घाटाकडच्या आमच्या पावसात उघडं ठेवलं तर काही दिवसांत चिकट होतं. आईनं महिन्याच्या गोळ्या पट्टीतून सोलून कॅल्शियमच्या बाटलीत भरून दिल्या होत्या. सासरी सांगायचं, रक्त कमी आहे, ताकदीच्या गोळ्या आहेत. मी हळूच विचारलं, पाळी कधी आली होती? ती लाजली आणि बाटलीकडे बघत राहिली.

तिच्या आईला मी दोष देत नाही. त्या बाईनं आपल्या परीनं लेकीची गोळी चुकू दिली नाही, हे काही थोडं नाही. पण तिच्याच हातानं गोळीचं नाव मिटलं होतं. नवरा समंजस निघाला असता तरी तो डॉक्टरांना काय सांगणार?

लपवण्यामागची भीती खरी आहे. फिट म्हटलं की अजून लोक चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाला लावतात, हातात किल्ल्या देतात. बाहेरचं आहे म्हणून देवऋषी बघतात. मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. तरी एक गोष्ट मुलीच्या आईवडिलांनी माहीत करून घ्यावी. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फिट येणं हे लग्नाच्या आड येणारं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. फिट येते म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. आधी सांगितलेलं असेल तर "आम्हाला फसवलं" म्हणायला सासरच्यांना जागा राहत नाही. लपवलं तर ती जागा आपणच करून देतो.

इथवर वाचून कुणी घरातल्या मुलीची गोळी आज रात्रीपासून बंद करेल, म्हणून पुढचं नीट वाचा. गोळी एकदम बंद करणं हा बाळाला आणि आईला, दोघांनाही, त्याहून तातडीचा धोका आहे. मोठी फिट आली की बाई पडते, पोटावर पडते, श्वास अडतो, बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. एकामागून एक फिट येत राहिल्या तर जीव जातो. झोपेत फिट येऊन सकाळी न उठलेली माणसंही असतात. एक बाई मला अभिमानाने म्हणाली होती, "दिवस राहिल्याचं कळलं तसं मी गोळ्या बंद केलो, बाळाला नको म्हणून." त्या मायेपुढे काय बोलावं कळत नाही, पण त्याच दिवशी तिला बेळगावला पाठवावं लागलं. गोळी बदलायची असते, मात्रा कमी करायची असते, ती डॉक्टरांच्या हातून, आठवडे-महिने घेऊन. नवी गोळी हळूहळू चढवतात, जुनी हळूहळू उतरवतात.

आणि बदलणं दर वेळी सोपंही नसतं. माझ्या भाचीला पंधराव्या वर्षापासून त्रास आहे. सकाळी उठल्या उठल्या हात झटकतो, हातातला चहाचा कप उडतो. घरातले आधी म्हणायचे, धांदरट आहे. मग दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत जागरणानंतर मोठी फिट आली. या प्रकारच्या फिटला झोप मोडली की जोर येतो. सौंदत्तीची यात्रा, गणपतीची रात्र, घरातलं लग्न, हळद, गोंधळ, सगळी जागरणाचीच कामं. आणि याच प्रकाराला व्हॅल्प्रोएट सगळ्यात चांगलं लागू पडतं. सर्वांगाच्या फिटमध्ये ते लेव्हेटिरासिटॅमपेक्षा जास्त परिणामकारक ठरतं, हे इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात २०२१ मध्ये पुन्हा दिसलं. म्हणजे ज्या वयाच्या मुलींना हा आजार होतो, त्याच वयाच्या मुलींनी जे औषध टाळायचं, तेच औषध आजाराला उत्तम. याला सरळ उत्तर नाही. तज्ज्ञ डॉक्टर मुलीसमोर बसून, तिच्या फिटचा प्रकार, तिची स्वप्नं, तिची भीती ऐकून ठरवणार.

भाचीची गोळी बदलायचं ठरलं तेव्हा घरात भांडण झालं. तिचे वडील म्हणाले, तीन वर्षं फिट नाही, चाललंय ते मोडता कशाला? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बदलताना मध्येच एकदा फिट आली. तेव्हा एक स्थळ बोलणीत होतं. त्यांना सगळं सांगितलेलं होतं, तरी ते मागे सरले. भाची आठ दिवस कुणाशी बोलली नाही. नंतर मला एवढंच म्हणाली, "आत्ते, आत्ताच कळलं ते बरं झालं." ते ती फिटबद्दल म्हणाली की स्थळाबद्दल, हे मी विचारलं नाही.

सीमेवर राहण्याची एक अडचण यात मिसळते, तीही सांगायला हवी. आमच्या मुली चंदगड, गडहिंग्लजहून इकडे येतात आणि इकडच्या तिकडे जातात. फिटची पहिली चिठ्ठी मिरजेची किंवा कोल्हापूरची. गोळी चालू ठेवणारे डॉक्टर तालुक्याचे. गरोदरपणाची नोंद सासरी, कर्नाटकच्या तायी कार्डवर, कन्नडमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात, तिकडचं कार्ड वेगळं. सातव्या महिन्यात मुलगी चोळीबांगडी घेऊन हद्द ओलांडते आणि तिची फाइल कपाटात मागे राहते. दोन्ही राज्यांत मनापासून काम करणारी माणसं आहेत, पण फिटच्या डॉक्टरांना गरोदरपण माहीत नाही आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना गोळी माहीत नाही, असं सहज होतं. दोन्ही कागद एका पिशवीत ठेवणारं माणूस घरातच कुणी तरी व्हावं लागतं. नवऱ्यानं हे काम घ्यावं असं मला फार वाटतं. तायी कार्डच्या पहिल्या पानावर पेनानं गोळीचं नाव आणि मात्रा लिहून घ्या. कन्नड येत नसेल तर मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण लिहा.

लग्न झालंय, मूल इतक्यात नको आहे, गोळी बदलायचं चाललंय, अशा मुलींसाठी एक गोष्ट. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन गर्भनिरोधक गोळीची ताकद कमी करतात. दोन्ही गोळ्या नेमाने घेऊनही दिवस राहू शकतात. गर्भनिरोधक गोळीमुळे लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण उतरतं आणि फिट येऊ शकते. तांबीला असली अडचण नाही. फॉलिक ॲसिडही दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं. फिटच्या गोळीवर असलेल्या बाईला डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती अगदी स्वस्त आहे. पण फॉलिक ॲसिड घेतलं म्हणजे व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जातो असं मानू नका.

आणि ज्यांना दिवस राहिले आहेत आणि हे आत्ता कळतंय, त्यांनी घाबरून जाऊ नये. फिट येणाऱ्या शंभर बायकांपैकी नव्वदहून जास्त जणींना निरोगी बाळं होतात. गोळी चालू ठेवा आणि दोन दिवसांत मेंदूविकाराच्या डॉक्टरांना गाठा. बेळगावला आहेत, धारवाडला आहेत, मिरजेला आहेत. प्रसूतीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत कणा, हृदय, ओठ नीट बघतात, ती चुकवू नका. लॅमोट्रिजिनवर असाल तर पोट वाढेल तशी मात्रा वाढवावी लागते, कारण शरीर ते औषध भराभर बाहेर टाकतं. तेव्हा "गोळी वाढवली म्हणजे आजार वाढला" असं सासूबाईंना वाटू देऊ नका.

बाळंतपणानंतर बाळाला अंगावर पाजावं. यातल्या बहुतेक गोळ्यांवर पाजता येतं. व्हॅल्प्रोएट दुधात फारच थोडं उतरतं. बाळ फार झोपाळू वाटलं तर दाखवायचं, एवढंच. रात्रीच्या झोपेची सोय मात्र घरानं करायची. बाळंतिणीची झोप मोडली की फिट येते, म्हणून मध्यरात्रीचं एक पाजणं काढलेल्या दुधावर आजीनं किंवा बापानं सांभाळावं. बाळाला जमिनीवर चटई घालून बसूनच घ्यावं, कपडे तिथेच बदलावेत, अंघोळ एकटीनं घालू नये.

परवा एक वडील मुलीची गोळी न्यायला आले. मुलगी अठराची, बारावी झालेली. मी पट्टी दिली, पुडीवर व्हॅल्प्रोएट ५०० असं लिहिलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी तिलाच पाठवा, माझं तिच्याशी पाच मिनिटं काम आहे. ते म्हणाले, "तिला कशाला, मी येतो की." मी म्हणाले, काम तिच्याकडेच आहे. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, दुकानात गर्दी कधी नसते. मी दुपारी दोन ते चार सांगितलं.